वजनाचा आकडा हळू सांगा, बीपीचा कफ मोठा ठेवा: सोलापुरातल्या प्रसूतितज्ज्ञांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील स्त्रीरोग आणि प्रसूतितज्ज्ञ डॉक्टर, सोनोग्राफी करणारे डॉक्टर, सर्व सिस्टर आणि आरोग्य विभागाचे अधिकारी

सप्रेम नमस्कार.

मी ३६ आठवड्यांची गरोदर आहे. वय ३२, उंची १५८ सेंटिमीटर, वजन १०४ किलो. वजन आधीच लिहून टाकलं, कारण गेले सात महिने दवाखान्याच्या व्हरांड्यात ते दुसऱ्यांनीच पुकारलं आहे. आज माझ्या तोंडून ऐका.

पत्र लिहायची वेळ आली ती मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. नोव्हेंबरपासून ज्या दवाखान्यात माझं नाव होतं, तिथल्या मॅडमनी ३४ व्या आठवड्यात माझी फाईल मिटली, पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "एवढ्या वजनाची डिलिव्हरी आम्ही घेत नाही. तुम्ही पुण्याला बघा." पुण्यात कुणाकडे बघायचं, ते नाही सांगितलं. चिठ्ठी मागितली तर "फाईल आहे ना तुमच्याकडे" एवढंच उत्तर मिळालं. पुणे इथून अडीचशे किलोमीटर. बाहेर ४३ डिग्री ऊन. माझे मिस्टर यंत्रमागावर आहेत, खाडा झाला की पगार कापला जातो. पुण्यात आमचं कुणी नाही. रात्री दोनला कळा सुरू झाल्या तर आपण पुण्याच्या वाटेवरच्या टेंभुर्णीपर्यंत तरी पोहोचू का, हा हिशेब मी त्या दिवशी घरी येताना रिक्षात बसून करत होते.

मोठ्या दवाखान्यात पाठवायला माझी हरकत नाही. तुमच्याकडे रक्ताची सोय नसेल, भूलतज्ज्ञ बाहेरून येत असतील, नवजात बाळाचा अतिदक्षता विभाग नसेल, तर मला पाठवणंच बरोबर. पण हे नोव्हेंबरमध्ये सांगायला हवं होतं. पहिल्या भेटीत माझं वजन ९६ किलो होतं, ते फाईलच्या पहिल्या पानावर लिहिलेलं आहे. सात महिने फी घेतली, तारखा दिल्या आणि बाळंतपणाला सहा आठवडे राहिले तेव्हा दार बंद केलं. हे मला गप्प बसून सोसता येत नाही. आणि माझ्याएवढ्या अंगाच्या बायका या शहरात मी एकटी नाही.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे गैरसमज नको. वजनाने धोका वाढतो, हे मला मान्य आहे. गरोदरपणात साखर वाढणं, बीपी वाढणं, रक्ताच्या गुठळ्या होणं, सिझर करावं लागणं, नंतर टाके चिघळणं, हे सगळं जाड बाईच्या बाबतीत जास्त घडतं. बाळाच्या जिवाचाही धोका वाढतो. मी हे वाचलं आहे, विचारलं आहे, आणि रात्री झोप न लागण्याइतकं मनावर घेतलं आहे. तीन वर्षांपूर्वी आठव्या आठवड्यात माझा पहिला गर्भ राहिला नाही. तेव्हा पाठीवर हात ठेवायच्या जागी मला "वजन बघा आधी" हे वाक्य मिळालं होतं. त्यामुळे "तुम्हाला काळजीच नाही" असं मला कुणी म्हणू नये. ही काळजी घेऊनच मी दिवस काढले आहेत.

माझी तक्रार वेगळी आहे. माझं वजन तुम्ही मला बोलायला वापरलंत, सांभाळायला वापरलं नाहीत.

मी काय काम करते ते सांगते, म्हणजे मी हे कुठून बोलते ते कळेल. सोलापूरची चादर सगळ्यांना माहीत आहे, पण शाळेचे युनिफॉर्मही इथून दूरदूर जातात. अशाच एका कारखान्यात मी माप घेण्याचं आणि कटिंगचं काम करते. फेब्रुवारीपासून आम्ही शाळांमध्ये जातो. वर्गातली मुलं-मुली रांगेत उभी असतात, मी टेप लावते, सोबतची मुलगी वहीत लिहिते. सातवी-आठवीतली एखादी अंगाने भरलेली पोर पुढे येते तेव्हा तिचे खांदे आधीच आत ओढलेले असतात. मागची पोरं कान टवकारून असतात. अशा वेळी मी आकडा तोंडाने बोलत नाही. टेपवर अंगठा धरते आणि वहीवाल्या मुलीला दाखवते. ती लिहून घेते. पुढची ये. बस, एवढंच. माझ्या मुकादमबाईंनी बारा वर्षांपूर्वी मला पहिल्या दिवशी हे शिकवलं होतं. वेगळा वेळ लागत नाही, पैसा लागत नाही.

आता दवाखान्यातला काटा. तो व्हरांड्यात, केस पेपरच्या खिडकीसमोर. बाजूला दोन बाकडी, त्यावर बायका, त्यांच्या सासवा, नवरे. सिस्टर काट्यापाशी, लिहिणारी मुलगी खिडकीआड, म्हणून आकडा ओरडूनच सांगायचा. "शहाण्णव!" आणि मग थोडं थांबून, "शहाण्णवच ना हो? परत चढा बरं." पुन्हा तेच. माझ्या सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी माझा हात धरला आणि तो घरी येईपर्यंत सोडला नाही. दर महिन्याला हे झालं. चौथ्या महिन्यात मी वजनाच्या दिवशी सकाळी पाणीसुद्धा प्यायचं टाळायला लागले. गरोदर बाईने तहानलेलं राहायचं, का, तर व्हरांड्यात एक किलो कमी ऐकू यावं म्हणून. हे माझं चुकलंच. पण त्या चुकीपर्यंत मला कुणी आणलं, याचाही विचार करा.

एप्रिलच्या नऊ तारखेला मी सरकारी तपासणीला गेले होते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायांना मोफत तपासतात, २०१६ पासून हे चालू आहे, आणि चांगलं आहे. माझ्या पुढे पूर्व भागातली एक विडी कामगार होती, पाचवा महिना, घरात तेलुगू बोलणारी. तिचा आकडा पुकारला, "अठ्ठ्याऐंशी! काय खाता हो एवढं?" बाकड्यावरच्या दोघी-तिघी हसल्या. ती काट्यावरून उतरली, पदर पोटावरून ओढून घेतला आणि माझ्याशेजारी येऊन बसली. हळूच म्हणाली, "ताई, मी सकाळी चहा-पाव खाते आणि मांडीवर विड्या वळायचं सूप घेऊन बसते. हजार विड्या झाल्याशिवाय उठता येत नाही." दिवसभर एका जागी मांडी घालून बसायचं, मिळेल ते खायचं, पाणी येईल त्या दिवशी घागरी भरायच्या. वजन कसं वाढतं याचं उत्तर तिने दोन वाक्यांत दिलं होतं, पण विचारणाऱ्याला उत्तर नको होतं. डॉक्टरांपर्यंत पोहोचायच्या आतच ती निघून गेली. मेच्या नऊ तारखेला ती आली नाही. आशाताईंना मी सांगितलं, त्यांनी दोन फेऱ्या मारल्या. ती अजून आलेली नाही. तिचं बीपी, तिची साखर, तिचं हिमोग्लोबिन, कशाचीही नोंद कुठे नाही. एका वाक्याने एक जोखमीची आई तपासणीबाहेर गेली.

आता बीपीचं. हे मला सविस्तर लिहायचं आहे, कारण यात कुणाचं मन वाईट नाही, फक्त एक वस्तू कमी आहे.

मार्चच्या शेवटी, २८ व्या आठवड्यात, माझं बीपी १४८/९४ आलं. कफ, म्हणजे बीपी मोजताना दंडाला गुंडाळतात तो पट्टा, माझ्या दंडावर बसत नव्हता. वेल्क्रो जेमतेम दोन बोटं चिकटायचं आणि हवा भरली की कर्रकन सुटायचं. सिस्टरने हाताने दाबून धरला आणि आकडा लिहिला. १४० च्या वर म्हणजे बीपीची गरोदर बाई. मला ॲडमिट केलं, गोळी सुरू करायची ठरलं, "वेळ आली तर लवकर सिझर" हेही बोलून झालं. माझ्या मिस्टरांनी त्याच रात्री कुणाकुणाकडून उसने मागायला फोन केले. पहाटे ड्युटीवर आलेल्या एका वयस्कर सिस्टरने माझा दंड बघितला आणि काही न बोलता दुसऱ्या वॉर्डातून मोठा कफ आणला. पाय खाली टेकवून बसायला लावलं, पाच मिनिटं बोलू दिलं नाही, मग मोजलं. १२८/८२. अर्ध्या तासाने पुन्हा मोजलं. १२६/८२. मला घरी सोडलं. त्या सिस्टरचे उपकार मी विसरणार नाही.

घरी येऊन मी माझ्याच टेपने दंडाचा घेर मोजला, ४१ सेंटिमीटर. बारा वर्षं मापं घेणाऱ्या बाईला हे आधी सुचलं नाही, याचं मला वाईट वाटतं. आखूड टेपने घेर मोजला तर आकडा चुकणारच, हे माझ्याकडच्या शिकाऊ पोरीला पण कळतं. नेहमीचा कफ साधारण ३४ सेंटिमीटरपर्यंतच्या दंडासाठी असतो. त्यापेक्षा जाड दंडाला तो लावला की बीपी खोटं जास्त दिसतं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये हे मोजून दाखवलं. ज्यांना सर्वांत मोठा कफ लागतो, त्यांना नेहमीचा कफ लावला तर वरचा आकडा सरासरी १९.५ ने जास्त येतो. माझ्या दोन आकड्यांत २० चा फरक होता.

वीस आकड्यांनी काय होतं? नको ती गोळी, नको ती भरती, दिवस भरायच्या आत सिझर. आणि याची उलट बाजू जास्त भीतीची आहे. "या जाड बायकांचं बीपी कफमुळे जास्तच दिसतं" म्हणून कुणी खऱ्या वाढलेल्या बीपीकडे काणाडोळा केला तर आई आणि बाळ दोघंही जाऊ शकतात. दोन्हींवर इलाज एकच, बरोबर मापाचा कफ. मी तो विकत घेतला. हजार रुपयांच्या आत आला. तेव्हापासून मी तो पिशवीत घेऊन फिरते आणि प्रत्येक ठिकाणी काढून देते. काही सिस्टर आनंदाने लावतात. काही म्हणतात, "आम्हाला शिकवू नका." शिकवायचं नाही, सिस्टर. फक्त लावा.

सोनोग्राफी. १९ व्या आठवड्याची, म्हणजे बाळाचे अवयव बघण्याची तपासणी माझी गड्डा यात्रेच्या आठवड्यात झाली. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेची गर्दी ओलांडून, दोन रिक्षा बदलून गेलो. डॉक्टरांनी प्रोब फिरवला, उसासा टाकला आणि म्हणाले, "चरबीमुळे काही दिसत नाही." रिपोर्टवर इंग्रजीत एक ओळ होती, आईच्या शरीरयष्टीमुळे दृश्य मर्यादित, अशा अर्थाची. पुढची तारीख नाही. पुन्हा या, असं नाही. मी घरी आले ती "बाळाचं काहीच दिसलं नाही" एवढं घेऊन. जाड पोटातून लाटा नीट पोहोचत नाहीत हे शास्त्र आहे, त्याबद्दल कुणावर राग नाही. पण दोन ते चार आठवड्यांनी बाळ मोठं होतं तेव्हा पुन्हा बघता येतं, हे मला कुणी सांगितलं नाही. आणि हा उशीर साधा नाही. गर्भात मोठं व्यंग निघालं तर २४ आठवड्यांनंतर गर्भपाताचं प्रकरण वैद्यकीय मंडळापुढे जातं. जे बघायचं ते वेळेत बघायला हवं.

मी स्वतः चौकशी करून २२ व्या आठवड्यात दुसरीकडे गेले. तिथल्या डॉक्टरांनी चाळीस मिनिटं दिली. आधी कुशीवर वळवलं, मग बेंबीपाशी प्रोब धरला, मग मला उठून पाच मिनिटं चालून यायला सांगितलं, कारण बाळ पाठ करून बसलं होतं. परत आले तेव्हा स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि बोट ठेवून दाखवलं, "हे बघा, हृदयाचे चारही कप्पे." चार. मी मोजले. तेच पोट, तीच चरबी, तीच सोलापूरची वीज. फरक फक्त वेळ देण्याचा होता.

आता सांगते की मी "सांभाळायला वापरलं नाही" असं का म्हणते. पहिल्या भेटीत मला दहा मिनिटं वजनावर ऐकवलं गेलं. आधी वीस किलो कमी करायचे, मग चान्स घ्यायचा, वगैरे. मी तेव्हा नऊ आठवड्यांची होते. आधी काय करायला हवं होतं हे ऐकून मी काय करणार होते? त्या दिवशी माझी साखर तपासायला हवी होती. आपल्या देशाच्याच मार्गदर्शक सूचना आहेत, गरोदर बाईला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासायचं, पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. माझी पहिली तपासणी झालीच नाही. मार्चमध्ये केली तेव्हा १५२ आली, मर्यादा १४० ची. कदाचित नोव्हेंबरमध्येही जास्त असती, कदाचित नसती. आता ते कधीच कळणार नाही. तसंच कमी मात्रेच्या ॲस्पिरिनचं. पहिलं बाळंतपण आणि ३० च्या वर बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) अशा दोन गोष्टी एकत्र असल्या, तर बीपीचा गंभीर आजार टाळायला ही गोळी बाराव्या आठवड्यानंतर, शक्यतो सोळाव्याच्या आत सुरू करण्याचा विचार करतात. मला ती द्यायची की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचं, मी नाही. पण माझ्या फाईलमध्ये तो प्रश्नच कुठे लिहिलेला नाही. दहा मिनिटांतली दोन मिनिटं यासाठी मिळाली असती तर मी उरलेली आठ मिनिटं आनंदाने ऐकून घेतली असती.

आहाराचा कागद मिळाला तो इंग्रजीत. ओट्स, ऑलिव्ह ऑईल, ब्रोकोली. तोंडी सल्ला असा, "भाकरी-भात बंद, रात्रीचं जेवण बंद, सूप प्या." मी तीन दिवस तसं केलं. चौथ्या दिवशी कटिंगच्या टेबलापाशी डोळ्यांपुढे अंधारी आली. लघवी तपासली तर कीटोन, म्हणजे उपासमारीची खूण. गरोदरपणात उपाशी राहून वजन उतरवायचं नसतं, हे मला नंतर एका आहारतज्ज्ञ ताईंनी सांगितलं. माझ्यासारखीने नऊ महिन्यांत साधारण ५ ते ९ किलो वाढणं योग्य, हा २००९ पासूनचा मान्य आकडा आहे. माझे आजवर ८ वाढले आहेत. सात महिने मला बोल लावले, पण "तुमचं वाढलेलं वजन अगदी बरोबर आहे" हे एकदाही कुणी म्हणालं नाही. त्या ताईंनी माझ्याच ताटातून आहार बसवला. ज्वारीची भाकरी एका वेळी एकच, सोबत मेथी किंवा वरण भरपूर, शेंगा चटणी चमचाभर, ताक, आणि जेवणानंतर गच्चीवर पंधरा मिनिटं फेऱ्या. दोन आठवड्यांनी जेवणानंतर दोन तासांची साखर ११२ आली. १२० च्या आत हवी होती. इन्सुलिन लागलं नाही. लागलं असतं तर घेतलं असतं.

एक छोटी पण जिवावरची गोष्ट. एप्रिलमध्ये माझी डावी पोटरी सुजली आणि दुखायला लागली. फक्त डावी. तीन वेळा सांगितलं, तीन वेळा "वजनामुळे पाय सुजणारच" हेच उत्तर. एकच पाय सुजला तर रक्ताची गुठळी नाही ना हे बघावं लागतं, आणि वजन व गरोदरपण दोन्हींनी तिचा धोका वाढतो. म्हणजे ज्या कारणाने मला लगेच तपासायला हवं होतं, त्याच कारणाने मला परत पाठवलं. भांडून डॉपलर, म्हणजे पायातला रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी, करून घेतली. देवाच्या दयेने ती नॉर्मल आली. नसती आली तर हे पत्र लिहायला मी नसते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २४ टक्के बायकांचा बीएमआय २५ किंवा त्याहून जास्त निघाला. शहरांमध्ये ३३ टक्के, म्हणजे दर तिघींत एक. तुमच्या बाकड्यावर बसलेल्या बायका मोजा, हाच हिशेब दिसेल. एवढ्या बायकांना "आम्ही घेत नाही" म्हणून चालणार आहे का? त्या सगळ्या पुण्याला जाणार आहेत का?

माझ्या मागण्या सरळ आहेत.

काटा पडद्याआड न्या आणि आकडा लिहा, पुकारू नका. बाईला ऐकायचा असेल तर तिला एकटीला सांगा. याला खर्च नाही, म्हणून हे उद्यापासून व्हावं.

प्रत्येक ओपीडीत, प्रत्येक प्रसूतिगृहात, प्रत्येक उपकेंद्रात मोठा कफ ठेवा आणि पहिल्याच भेटीत दंडाचा घेर मोजून माता-बाल कार्डावर लिहा, म्हणजे पुढच्या सिस्टरला विचारावं लागणार नाही. आरोग्य विभागाने आशाताई आणि एएनएम ताईंच्या (उपकेंद्रातल्या नर्सताईंच्या) किटमध्येही तो द्यावा.

पहिल्या भेटीत जोखमीची योजना लिहून द्या. साखर कधी, बीपी किती दिवसांनी, ॲस्पिरिनचा निर्णय काय, वजन किती वाढलेलं चालेल, आणि बाळंतपण कुठे. तुमच्याकडे सोय नसेल तर तेव्हाच सांगा. नंतर परिस्थिती बदलली तर कारणासह लेखी चिठ्ठी द्या, आणि जिथे पाठवता तिथे एक फोन करा. जोखमीच्या मातेच्या कार्डावर लाल स्टिकर लावतात ते तिच्याकडे जास्त लक्ष जावं म्हणून. त्याचा अर्थ "हिला दुसरीकडे ढकला" असा होऊ देऊ नका. माता-बाळांसाठीच्या २०१९ च्या सुमन योजनेत सरकारने सन्मानाने सेवा आणि सेवा नाकारल्यास गय नाही, असं वचन दिलं आहे. खासगी दवाखान्यांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची, हा राज्याचा २०२१ चा नियम आहे. मला ती सात महिन्यांत एका भिंतीवर दिसली, तीही पंख्याच्या मागे. आरोग्य अधिकाऱ्यांनी एकदा फिरून बघावं, ही विनंती.

सोनोग्राफी अपुरी राहिली तर त्याच कागदावर पुढची तारीख लिहा. "दिसत नाही" हे वाक्य पूर्ण करा, "म्हणून अमुक दिवशी पुन्हा बघू."

सिझर लागो न लागो, भूलतज्ज्ञांची भेट आठव्या महिन्यात घडवा. जाड पाठीत सुई लावायला वेळ लागतो हे मला समजतं, म्हणूनच ती पाठ त्यांनी पहिल्यांदा ऑपरेशनच्या टेबलावर बघू नये.

आहाराचा कागद आपल्या ताटाचा करा, आणि मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा सोलापूरच्या चारही भाषांत छापा.

आणि जाड बाई काही दुखतंय म्हणाली तर आधी तपासा, वजनाचं नंतर बोला. जरूर बोला. बाळंतपण झाल्यावर, बाळ अंगावर पीत असताना, पुढच्या वर्षभरात काय करायचं ते मला शिकवा. मी येईन. ज्या दवाखान्यात मान मिळतो तिथे माणूस वजन कमी करायलाही परत जातो.

माझं नाव आता एका सरकारी रुग्णालयात आहे. ९ मेच्या तपासणीला तिथल्या डॉक्टरांनी फाईल पहिल्या पानापासून वाचली, माझाच कफ लावून बीपी घेतलं आणि म्हणाले, "इथे होईल. काळजी करू नका, पण उशीर करू नका." भूलतज्ज्ञांची वेळही त्यांनीच घेऊन दिली. मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि खूप रडले. तोवर कुणी मला "इथे होईल" म्हणालंच नव्हतं.

पुढची तपासणी ९ जूनला आहे. तेव्हा माझे ३९ आठवडे भरलेले असतील, आणि बाळ आधी आलं नाही तर मी रांगेत असेन. आशाताई त्या विडी कामगार बहिणीला पुन्हा एकदा समजावणार आहेत, जमलं तर तिला सोबत घेऊन येईन. काटा व्हरांड्यातून हलवायला तोवर पुरेसे दिवस आहेत.

आपली,
एक गरोदर बाई
अशोक चौक परिसर, सोलापूर